नवे टायर बसवून घेताना: दुकान सोडण्याआधी काय काय तपासायचे

आपल्या गावरस्त्यांवर गाडी चाळीस-पन्नासच्या वर क्वचितच जाते. म्हणून टायर रिमवर वाकडा बसला असला, किंवा बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळ्या बाजूंनी समतोल करणे) फक्त बिलावरच झाले असले, तरी कित्येक दिवस पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो कारंजाला किंवा मेहकरला समृद्धी महामार्गावर चढल्यावर, काटा ९०-१०० च्या पुढे गेला की. स्टेअरिंग हातात थरथरू लागते, गाडीत घरची माणसे असतात आणि दुकान पन्नास किलोमीटर मागे राहिलेले असते. दुसऱ्या दिवशी परत जावे तर पेट्रोल जळते, दिवस मोडतो आणि वरून ऐकावे लागते, "काल तं बराबर करून देली होती भाऊ."

टायर बसवण्यातल्या बहुतेक चुका दुकानातच, उघड्या डोळ्यांनी दिसतात. त्या पकडायला मेकॅनिक असावे लागत नाही. फक्त चहाच्या टपरीवर न बसता काम संपेपर्यंत चाकाजवळ उभे राहावे लागते. तालुक्याच्या गावी जाण्याआधी दुकानात फोन करून दोनच गोष्टी विचाराव्यात: बॅलन्सिंगचे मशीन चालू आहे का, आणि टॉर्कचा पाना (नट किती जोराने आवळला ते दाखवणारा) आहे का. मशीन बंद असेल तर त्या दिवशी जाऊच नका. "आज टायर लावून देतो, बॅलन्सिंग मंग करून घ्या" हे ऐकून निघालेली गाडी पुढचे सहा महिने तशीच फिरते.

निघण्याच्या आदल्या दिवशी: चाके आतून धुवा

हे काम आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकते. पावसाळ्यात पांदणीतून गाडी काढली की काळी माती रिमच्या आतल्या बाजूला थापली जाते. बाहेरून चाक स्वच्छ दिसते, आत मात्र ब्रेकच्या बाजूला मातीचा थर वाळून कडक झालेला असतो. मूठभर मातीचे वजन शंभर ग्रॅमच्या सहज वर जाते, आणि बॅलन्सिंगमध्ये हिशेब पाच-पाच ग्रॅमचा असतो.

मशीनला माती आणि रिम यांतला फरक कळत नाही. मातीसकट चाक फिरवले की ते मातीच्या समोरच्या बाजूला वजन लावायला सांगते आणि शून्य दाखवते. चार दिवसांनी उन्हाने माती सुटून पडते, वजन मात्र तिथेच राहते. म्हणजे पैसे देऊन चाक बिघडवून घेतल्यासारखे होते. म्हणून आदल्या दिवशी मोटारच्या पाण्याचा पाइप आतल्या बाजूने सोडा, माती भिजू द्या आणि ब्रशने घासून काढा. रिमच्या कडेची आतली खोबण बोटाने चाचपून पाहा, माती तिथेच दडून राहते. जुना टायर उतरला की दुकानातही एकदा पुन्हा पाहा.

टायर रिमवर चढण्याआधी वाचायच्या गोष्टी

बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर दिसते. त्यावर टायरचा साइझ आणि हवेचा आकडा असतो. स्टिकर उडाले असेल तर गाडीच्या पुस्तकात तोच तक्ता मिळतो. समजा तिथे १८५/६५ आर १५ ८८ एच असे आहे. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा इंचातला व्यास. लोक इथपर्यंत वाचतात आणि थांबतात. पुढचा ८८ हा तितकाच महत्त्वाचा आहे. तो एका टायरला पेलणारे वजन सांगतो: ८८ म्हणजे ५६० किलो, ८५ म्हणजे ५१५, ८२ म्हणजे ४७५. शेवटचे अक्षर वेगाचे. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत, एच म्हणजे २१० पर्यंत. साइझ तोच आणि वजनाचा आकडा कमी असा टायर स्वस्तात दाखवला, तर घेऊ नका. पाच माणसे आणि डिक्कीत तुरीचे कट्टे घेऊन मे महिन्यात निघणाऱ्या गाडीला तो आकडा कमी पडतो. भिंतीवर आयएसआयचा शिक्काही पाहा. कारच्या टायरसाठी त्याच्यासोबत आयएस १५६३३ हा क्रमांक असतो.

मग तारीख. डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. हे चार आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात. ती बाजू आत गेली की गाडीखाली शिरल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून टायर जमिनीवर असतानाच चारही टायरचे आकडे मोबाइलमध्ये टिपून घ्या. वर्षाच्या वर जुना टायर मी नव्याच्या भावाने घेत नाही. टिनाच्या शेडमध्ये आपल्याकडचा एक उन्हाळा काढलेले रबर आणि ताजे रबर यांची किंमत एक असू नये.

काही टायरवर रंगाचे ठिपके असतात. पिवळा ठिपका टायरचा हलका भाग दाखवतो. तो हवेच्या व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी आला की वजने कमी लागतात. लाल ठिपका असेल आणि रिमवरही त्याची खूण असेल, तर लाल त्या खुणेच्या शेजारी येतो. ठिपका नसला तरी टायर वाईट नसतो.

टायर चढवताना

ट्यूबलेस टायर असेल तर रबरी व्हॉल्व्ह नवाच मागा. तो जुन्या टायरइतकाच म्हातारा झालेला असतो आणि त्याची किंमत टायरपुढे काहीच नाही. जुना व्हॉल्व्ह अंगठ्याने वाकवून पाहा, बुडाशी बारीक चिरा दिसतील.

रिमची टायर टेकते ती कड तारेच्या ब्रशने घासलेली हवी. गंज किंवा जुन्या रबराचा चिकटा राहिला तर हवा तिथूनच हळूहळू उतरते. खड्ड्यात आदळून कड वाकली असेल तर ती याच वेळी दाखवून घ्या. हातोडीने ठोकून सरळ केलेल्या लोखंडी रिमवर ट्यूबलेस टायर हवा धरेल याची खात्री नाही, आणि मॅगव्हीलला (अलॉयच्या रिमला) हातोडी लावूच देऊ नका.

टायरच्या भिंतीवर बाण असेल तर तो गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने हवा. बाण नसून "आउटसाइड" असा शब्द असेल तर ती बाजू बाहेर. पोरगा घाईत असेल तर डावीकडचे चाक उजवीकडे जाते, म्हणून काम संपल्यावर गाडीभोवती एक चक्कर मारून चारही चाकांचे बाण पाहायचेच.

आता टायर रिमवर नीट बसला का, हे ओळखायची खूण. भिंतीवर रिमच्या अगदी जवळून गोल जाणारी एक बारीक उठावाची रेघ असते. हवा भरताना टायरची कड फट्-फट् आवाज करत दोन्ही बाजूंनी जागेवर बसते. त्यानंतर ही रेघ रिमच्या काठापासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. नख लावून गोल फिरवा. एका ठिकाणी रेघ रिमखाली दडली असेल आणि समोरच्या बाजूला चांगली वर दिसत असेल, तर टायर वाकडा बसला आहे. चाक उलटवून आतली बाजूही तशीच पाहा. उपाय सोपा आहे: हवा सोडायची, कडेला साबणपाणी किंवा टायरची पेस्ट नीट लावायची, पुन्हा भरायची. बसत नाही म्हणून ४० पीएसआयच्या वर हवा ठासू देऊ नका, टायरची कड फुटून माणूस जायबंदी होऊ शकतो. हवा भरताना चाकावर ओणवे होऊन पाहूही नका, बाजूला थांबा.

शेवटी व्हॉल्व्हवर आणि रिमच्या दोन्ही कडांवर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे येतात का ते पाहा. टोपी घट्ट लावा. धूळ व्हॉल्व्हच्या आत गेली की हवा गळणार हे ठरलेले.

बॅलन्सिंग: इथे डोळे उघडे ठेवून उभे राहा

आधी हे का करायचे ते आकड्यांत पाहू. वर सांगितलेल्या १८५/६५ आर १५ चाकाचा घेर दोन मीटरला थोडा कमी भरतो. ताशी १०० च्या वेगाला ते सेकंदाला १४ वेळा फिरते. रिमच्या कडेला फक्त ३० ग्रॅमचा फरक असला, तर त्या वेगाला साधारण साडेचार किलोचा ओढा तयार होतो, आणि तो सेकंदाला १४ वेळा दिशा बदलत चाकाला हिसडत राहतो. वेग निम्मा केला की हा जोर पाव होतो, म्हणजे ५० च्या वेगाला सव्वा किलोच्या आत. गावरस्त्यावर काही जाणवत नाही ते यामुळे. पण बेअरिंग, बॉल जॉइंट आणि टायरची नक्षी मात्र झिजत राहते.

मशीनवर चाक चढण्याआधी जुनी वजने सगळी काढलेली हवीत. लोखंडी रिमला कडेवर ठोकायची वजने लागतात, मॅगव्हीलला आतून चिकटवायची पट्टी. जुन्या पट्टीचा एखादा तुकडा आत राहून जातो, बोट फिरवून पाहा. नक्षीत अडकलेली गिट्टीही स्क्रूड्रायव्हरने काढायला लावा.

चाक मशीनच्या दांड्यावर बसते ते मधल्या भोकात शंकूच्या आकाराचा लोखंडी कोन घालून. कोन योग्य मापाचा नसेल किंवा भोकात माती-गंज असेल, तर चाक मधोमध बसत नाही आणि पुढचे सगळे आकडे खोटे येतात. त्यानंतर ऑपरेटरने तीन मापे भरली पाहिजेत: मशीनपासून रिमचे अंतर, रिमची रुंदी आणि रिमचा व्यास. अंतर मशीनच्या पट्टीने मोजतात, रुंदी चिमट्यासारख्या कॅलिपरने, आणि व्यास टायरवरच लिहिलेला असतो. काही मशीन यातले काही आपोआप मोजतात. जिथे हाताने भरायचे असते तिथे आधीच्या बोलेरोचे आकडे तसेच ठेवून तुमची छोटी गाडी उरकली जाते. सरळ विचारा: "दादा, रिमचा साइझ टाकला का?"

चाक फिरते, थांबते आणि पडद्यावर दोन आकडे येतात, एक आतल्या बाजूचा आणि एक बाहेरच्या. दोन्ही बाजूंना वजन लावून चाक पुन्हा फिरवलेच पाहिजे. दुसऱ्यांदा दोन्हीकडे शून्य आले तर काम झाले. पहिल्या फेरीनंतर वजन ठोकून चाक लगेच उतरवत असतील तर थांबवा. "ठोकलं न बरोबर जागेवर, काही नाही होत भाऊ" याच्यावर समाधान मानू नका. दुसऱ्या फेरीला दोन मिनिटेही लागत नाहीत.

शून्यही खरे आहे का, हे पाहायची एक खात्रीची रीत आहे. शून्य आल्यावर मशीनचा मोठा नट सैल करायला सांगा, दांडा न हलवता चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळायला लावा आणि परत फिरवा. चाक मधोमध बसले असेल तर आकडा शून्य किंवा फार तर पाच राहतो. पंधरा-वीस ग्रॅम दाखवू लागले तर कोन चुकला आहे किंवा मशीनचाच दांडा खराब आहे, आणि आधीचे शून्य काही कामाचे नव्हते. चारही चाकांवर हे करायची गरज नाही. पहिल्या चाकावर करा, त्यात मशीन आणि माणूस दोन्ही कळतात.

किती वजन लागले हेही लक्षात ठेवा. छोट्या गाडीच्या नव्या टायरला एका बाजूला दहा-वीस-तीस ग्रॅम लागणे नेहमीचे. एका चाकाला दोन्ही बाजू मिळून शंभरच्या वर जाऊ लागले, तर वजनावर वजन चढवू देऊ नका. हवा सोडून टायर रिमवर अर्धा फेरा सरकवून पुन्हा पाहायला सांगा. टायरचा जड भाग आणि रिमचा जड भाग एकाच ठिकाणी आलेले असतात, ते समोरासमोर गेले की आकडा बराच उतरतो. उतरला नाही तर चाक हळू फिरत असताना रिमची कड आणि टायरची नक्षी नीट न्याहाळा. कड वर-खाली किंवा डावी-उजवी डोलताना दिसली तर रिम वाकला आहे. रिम स्थिर आणि टायर डोलतो, तर टायर बदलून मागा. वाकडे चाक मशीनवर शून्य दाखवू शकते आणि रस्त्यावर तरीही उडते.

चाक गाडीला लावताना

हबच्या ज्या सपाट भागावर रिम टेकतो तिथला गंज ब्रशने काढलेला हवा. नट आधी हाताने तीन-चार आटे फिरवायचे, मग पाना. सुरुवातीलाच हवेची गन लावली आणि नट तिरका गेला, तर बोल्टचे आटे जातात. आवळायचा क्रम एकाआड एक, समोरासमोरचा. ओळीने गोल आवळले तर रिम एका अंगाला कलून बसतो. आट्यांना ऑइल-ग्रीस लावू देऊ नका, त्याने पाना तेवढाच जोर दाखवतो पण नट जास्त आवळला जातो.

शेवटचा जोर गाडी जमिनीवर उतरवून टॉर्कच्या पान्याने द्यायचा. बऱ्याच कारसाठी हा आकडा ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो; तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात पाहून ठेवा. टॉर्कचा पाना नसेल तर अंदाज असा: पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर चाळीस किलोचा जोर म्हणजे साधारण १०० न्यूटन-मीटर. पान्यावर उभे राहून उड्या मारायची काही गरज नसते.

आणि हे विसरू नका: निघण्याआधी प्रत्येक चाकाचा एक नट तुमच्या गाडीतल्या पान्याने सैल करून पुन्हा आवळून पाहा. गनने ठासलेले नट दुकानात छान वाटतात. रात्री शेतातून येताना बाभळीचा काटा लागून टायर बसला आणि घरच्या पान्याने नट हलेना, तर स्टेपनी असून नसल्यासारखी.

दोनच टायर नवे घेतले असतील तर ते मागे लावा आणि मागचे पुढे आणा. गाडीचे इंजिन पुढच्या चाकांना जोर देत असले तरीही. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर ब्रेक आणि स्टेअरिंगने थोडे सावरता येते. मागची घसरली की गाडी गोल फिरते. खरिपात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेली काळी माती आणि वरून पहिला पाऊस, अशा रस्त्यावर हा फरक जिवावरचा असतो.

हवा

टायर बसवण्यासाठी जास्त भरलेली हवा कमी करायला दुकानात विसरतात. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी स्वतःच्या गेजने मोजा. तापमान दहा अंशांनी वाढले की हवा साधारण दीड-दोन पीएसआय वाढते. चंद्रपूर, अकोल्याच्या ४५ अंशांत दुपारी धावून आलेला टायर चार-पाच जास्त दाखवणारच. ती हवा काढू नका, नाहीतर सकाळी टायर कमी हवेवर असतो आणि कमी हवेचा टायरच वेगात जास्त तापतो. नायट्रोजन मिळाला तर भरा, नाही मिळाला तर त्यासाठी शहरात जायचे कारण नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

रस्त्यावरची परीक्षा

पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर सावकाश चालवा. साच्यातून काढताना लागलेला बुळबुळीत थर नक्षीवर असतो, पकड पूर्ण येत नाही. शिवाय पहिल्या दिवशी टायरच्या कडेला लावलेली पेस्ट ओली असते आणि जोराचा ब्रेक मारला तर टायर रिमवर थोडा सरकू शकतो. सरकला की बॅलन्सिंग गेले. यासाठी दुकानातच व्हॉल्व्हच्या समोर टायर आणि रिम या दोहोंवरून खडूची एक रेघ ओढून घ्या. घरी आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर टायर सरकला आहे.

थरथर पाहायला रस्ता गुळगुळीत हवा. काळ्या मातीवरचे आपले रस्ते पावसात फुगतात, उन्हात आकसतात आणि लहरतात. त्यांच्यावर चांगली गाडीही डोलते. समृद्धी जवळ असेल तर उत्तम. अमरावती-अकोला रस्ताही चालेल, तिथे जून २०२२ मध्ये १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झाल्याची गिनेसमध्ये नोंद आहे. वेग हळूहळू वाढवा आणि कुठे काय जाणवते ते ध्यानात घ्या. ८० ते ११० च्या दरम्यान स्टेअरिंग थरथरते, तर पुढच्या चाकांचे बॅलन्सिंग. स्टेअरिंग शांत पण सीट आणि फरशी थरथरते, तर मागच्या. वीस-तीसच्या वेगालाच गाडी लचकत चालते, तर ते बॅलन्सिंग नाही. टायर वाकडा बसला आहे, टायरमध्येच दोष आहे किंवा रिम वाकला आहे. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर येत असेल तर ब्रेकची डिस्क तपासा.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुन्हा बॅलन्सिंग करून काही मिळणार नाही. आधी डाव्या-उजव्या टायरची हवा सारखी करा. तरी ओढते तर अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणे), आणि त्याचा आधीचा व नंतरचा आकडा छापून मागा. तेही बरोबर असेल आणि टायरवर बाण नसेल, तर पुढची दोन चाके अदलाबदल करून पाहा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये आहे, आणि नवा टायर दुकानातून बदलून मिळवायला हा पुरावा पुरेसा भक्कम आहे. बिलावर टायरचे डीओटी आकडे लिहून घेतले असतील तर वाद राहत नाही.

पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा एकदा त्याच क्रमाने तपासा. टायर थंड असताना, गाडी जमिनीवर, नुसता जोर लावून पाहायचा. त्याच वेळी वजने जागेवर आहेत का तेही पाहा. चिकटवलेली पट्टी पडली असेल तर रिमच्या आत तेवढाच चौकोनी तुकडा चकचकीत दिसतो. पुढे कधी पावसात पांदणीतून आल्यावर दुसऱ्या दिवशी अचानक थरथर सुरू झाली, तर दुकानात धावू नका. आधी चाके आतून धुवा आणि मग ठरवा.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाके पुढची मागे, मागची पुढे करा आणि त्या वेळी बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या. बाणाचे टायर असतील तर त्याच बाजूला ठेवून. स्टेपनीलाही त्याच दिवशी हवा भरून घ्या.